फेल्टचा बैल की लुगड्याचा?

आमच्या घरात दोन कापडी बैल आहेत. एक फेल्टचा, दुसरा मायच्या जुन्या लुगड्याचा. दोघांचा खेळ एकच. बैलाला झूल घालायची, बाशिंग बांधायचं, गळ्यात घागरमाळ अडकवायची, शिंगांना शेंब्या चढवायच्या आणि पोळा झाला की सगळं उतरवून पिशवीत भरायचं. साडेतीन ते सहा वर्षांच्या लेकरांना यात तास कसा गेला ते कळत नाही. दोन्ही बैल मी स्वतः शिवले, मध्ये दोन वर्षं गेली. शेजारीपाजारी, नात्यातले, कुणी ना कुणी विचारतंच की आम्हालाही लेकरासाठी असं काही करायचंय, कापड कोणतं घेऊ? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवात करायला फेल्ट फार सोपं, हे आधीच कबूल करतो. फेल्ट विणलेलं नसतं. तंतू सुयांनी एकमेकांत गुंतवून दाबलेले असतात, त्यामुळं त्याला उभा-आडवा धागाच नाही आणि कापलं तरी काठ सुटत नाहीत. शिंग हवं तसं कापा, कान कापा, शेपटीचा गोंडा कापा. दुमड नको, तुरपाई नको. ज्यानं कधी सुई धरली नाही त्याच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. माझा पहिला बैल रात्रीच्या जेवणानंतर दोन बैठकांत झाला. रंगही असे उठावदार की लेकरू लांबूनच झेपावतं.

लुगड्याच्या बैलाला पाच-सहा रात्री लागल्या. चारी बाजूंनी पाव इंच दुमड धरायची, वळणावर कात्रीनं बारीक छेद द्यायचे, मग उलटवायचं आणि शिंगाचं टोक आतून विणकामाच्या सुईनं हळूच बाहेर काढायचं. माझं एक शिंग दोनदा उसवलं. शेवटी मायनंच ते हातात घेतलं आणि बारीक धावदोऱ्यानं असं बसवलं की आजही ते दुसऱ्यापेक्षा टोकदार आहे. वेळ आणि हात या दोन्ही बाबतींत फेल्ट पुढं आहे, त्यात वाद नाही.

माझा निर्णय मात्र वेगळ्याच गोष्टीनं झाला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तेल लावून मळायचं आणि बैलाला म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ गावाकडच्या गोठ्यात माझ्या लेकीनं हे पाहिलं. परभणीला परत आल्यावर तिनं स्वयंपाकघरातली हळदीची डबी घेतली, तेलात बोटं बुडवली आणि फेल्टच्या बैलाचा खांदा मन लावून मळला. आवतणही दिलं. ती खेळ अगदी बरोबर खेळत होती. असाच खेळावा म्हणून तर मी तो बैल केला होता.

मग तो धुवायला घेतला. साबण लागताच हळद लाल झाली, त्याचं काही नाही, उन्हात हळदीचा डाग उडतो. खरी अडचण चोळल्यावर सुरू झाली. तेल निघावं म्हणून जिथं चोळलं तिथं फेल्टची लव उभी राहिली. विणच नसल्यानं तंतूंना धरून ठेवणारं काही नव्हतं. वाळल्यावर खांद्यावर आणि पाठीवर बारीक बारीक गोळे आले. ग्लूगननं चिकटवलेला डोळा बादलीत निघाला. पण मनाला जास्त लागलं ते वेल्क्रोचं. झुलीला मागून वेल्क्रोची खरखरीत पट्टी लावली होती. समोर मऊ पट्टी लावायची गरज नसते, ती खरखरीत बाजू फेल्टला थेट धरते. सगळे हेच शिकवतात आणि पहिल्या दिवशी ते सोयीचं वाटतंही. पण झूल ओढून काढताना दर वेळी फेल्टची थोडी लव त्या आकड्यांत अडकून येते. धुतल्यावर तर आकडे लवेनं, केसांनी, जमिनीवरच्या कचऱ्यानं गच्च भरले. सुईनं मी ते तासभर उकरत बसलो. झूल तरीही धरेना, पाठीवरून घसरायची आणि लेक रडकुंडीला यायची. 

वेल्क्रोचा जन्मच मुळात कुसळांतून झाला. १९४१ साली जॉर्ज द मेस्ट्राल हा स्विस अभियंता कुत्र्याला घेऊन फिरायला गेला होता. कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडं त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यांचे आकडे दिसले आणि त्याला कल्पना सुचली. कुसळ काय करतं ते आपल्या रानातून चालत आलेल्या माणसाला सांगायला नको. ते जे दिसेल ते धरतं. आमच्या घरात खाली जमिनीवर खेळ मांडला जातो, दार उघडं असतं, उन्हाळ्यात धूळ आत येते, धान्य निवडलं जातं. अशा घरात वेल्क्रोला फक्त झूलच धरायला सांगता येत नाही.

माय त्या दिवशी एवढंच म्हणाली, ‘मळलं तर धुवायचं कसं, ते आधी बघावं रे बाबा.’ मी ते आधी बघितलं नव्हतं.

मी वापरलेलं फेल्ट स्टेशनरीच्या दुकानातलं, पॉलिएस्टरचं होतं. जाड, चांगल्या प्रतीचं फेल्ट याहून जास्त टिकत असेल. तुमच्याकडं खेळ कपाटात राहणार असेल, मोठ्या माणसासमोरच बाहेर निघणार असेल, तर ही अडचण कदाचित तुम्हाला येणारही नाही. आणि एका ठिकाणी फेल्ट खरोखर सरस आहे, ते म्हणजे गोष्ट सांगायचा फळा. लाकडी पाटीवर फेल्ट ताणून लावलं की फेल्टचीच चित्रं त्यावर वेल्क्रोशिवाय, नुसती दाबून चिकटतात. अंगणवाडीत ताईंनी उभ्या फळ्यावर कावळा-चिमणीची गोष्ट मांडायची असेल तर सुती कापडानं हे होणार नाही. तिथं मी बिनदिक्कत फेल्टच घ्या म्हणेन.

जोड्या लावायच्या खेळातही सुती कापडानं मला फसवलं. चोवीस चौकोन शिवले, मागची बाजू सगळ्यांना मांजरपाटाची लावली, म्हणजे पालथे टाकल्यावर ओळखू येऊ नयेत. पण आठवड्यात एकावर चहाचा, एकावर वरणाचा डाग पडला आणि लेक डागांवरून जोड्या लावू लागली. आता मागं गडद छापाचं कापड लावतो.

रोजच्या हाताळायच्या, ओढायच्या, लोळवायच्या खेळासाठी मात्र माझा कल लुगड्याकडं आहे. त्यासाठी शिकलेल्या दोन-चार गोष्टी सांगतो.

लुगडं उजेडाकडं धरून बघा. बसण्याच्या जागी ते विरलेलं असतं, ते घेऊ नका. काठ आणि पदर बहुतेक धड असतात. मायचं लुगडं इरकली होतं. त्याचा लाल पदर झुलीला इतका शोभला की वेगळं काही लावावं लागलं नाही. आणि लुगड्याच्या लांबीचा काठ मागावरच बंद झालेला असतो, तिथले धागे सुटत नाहीत. झुलीची लोंबती कड या काठावर बेतली की एक बाजू दुमडायचे कष्ट वाचतात. बाजारातून नवं सुती घेणार असाल तर कापायच्या आधी एकदा धुवा. ते आटतं, आणि लाल-जांभळा रंग पहिल्या पाण्यात किती जातो तेही कळतं. जुन्या लुगड्याचं हे सगळं वर्षानुवर्षं होऊन गेलेलं असतं.

भरायचं काय, यावर मी बराच अडखळलो. कापूस आपल्याकडं घरोघरी, म्हणून पहिल्यांदा कापूसच भरला. दोन धुण्यांत त्याचे गोळे झाले आणि बैलाचं पोट एकीकडं गेलं. शिवाय पोळा श्रावण अमावस्येचा, दिवस पावसाचे. भरलेला बैल दोन दिवस वाळेना, कुबट वास यायला लागला. ज्वारी तर भरूच नका, किडे लागतात. शेवटी भरणंच सोडलं आणि वाकळीसारखा चार पदरी चपटा बैल केला, वरून सगळीकडं धावदोरा. तो इतर कपड्यांबरोबर धुतला जातो आणि ऊन असलं तर दुपारपर्यंत वाळतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस इकडं कुणी विसरलेलं नाही. लेकराच्या खेळण्यासाठी वेगळी बादली लागू नये, याला माझ्या लेखी मोल आहे.

वेल्क्रोऐवजी बटणं लावली. टिचबटण करून पाहिलं, पण मऊ कापडावर ते दाबायला मोठ्यांचं बोट लागतं. मोठं, साधारण इंचभराचं बटण आणि त्याहून थोडं सैल काज चार वर्षांच्या लेकराला जमतं. बटण शिवताना खाली आगपेटीची काडी ठेवा, शिवून झाल्यावर काडी काढा आणि उरलेल्या दोऱ्याला वेढे द्या. बटणाला मान मिळते आणि जाड झूल त्याखाली बसते. सुरुवातीला लेकीला एक बटण लावायला बराच वेळ लागायचा. मला वाटलं ती कंटाळेल. ती कंटाळली नाही. झूल पाठीवर टाकून ती जीभ दातांत धरून बटण काजातून ओढत बसायची, आणि शाळेच्या फ्रॉकची बटणं तिची तिला लावता येऊ लागली ती त्यातूनच. मॉन्टेसरी शाळांत बटणं, नाड्या लावायच्या लाकडी चौकटी असतात त्या याचसाठी. बोर्डीला १९४५ साली बालशिक्षणाचं काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या अनुताई वाघ यांनीही गावात सहज मिळणाऱ्या वस्तूंतूनच बालवाडीची साधनं उभी केली होती. घरातलं जुनं लुगडं हे कमी प्रतीचं साहित्य आहे, असं निदान मला आता वाटत नाही.

एक गोष्ट दोन्ही कापडांना लागू आहे आणि तिथं सवलत नाही. घरात तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर बटण, मणी, घुंगरू काही नको. खेळण्यांच्या सुरक्षेच्या चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जो तुकडा पूर्ण बसतो तो तोंडात जाण्याजोगा धरतात, आणि माझं इंचाचं बटण त्यात सहज बसतं. धाकट्या पुतण्यासाठी म्हणून झूल पाठीलाच शिवून टाकणार आहे आणि डोळे दोऱ्यानं भरणार आहे. नाड्या लावल्या तर त्या वीतभराहून आखूड ठेवा. मोठ्या लेकरांच्या बैलाचंही बटण आठ-पंधरा दिवसांनी ओढून बघतो.

पोळा परवावर आला असेल आणि हाताशी कुणी शिवणारं नसेल तर फेल्ट घ्या, फक्त डिंक-ग्लूगन टाळून प्रत्येक तुकडा दोऱ्यानं शिवा आणि वेल्क्रोच्या जागी बटण लावा. महिनाभर हातात असेल तर घरातल्या म्हातारीला एखादं लुगडं मागा. फेल्टचा बैल मी टाकलेला नाही. गोळे कात्रीनं कापून त्याला नीट केलं, आणि पोळ्याला मातीच्या बैलजोडीशेजारी पाटावर तोही पूजेला बसतो. खांदेमळणी लुगड्याच्या बैलाची होते. पुतण्याच्या बैलासाठी मायनं दुसऱ्या एका लुगड्याचा हिरवा पदर परवाच धुवून, घडी घालून ठेवला आहे.