‘बोल्ट जाम झालाय, चाकच बदलावं लागेल’

ठाण्यात बाइकचं डिस्कचं काम काढणार असाल तर हे आधी वाचा.

पुढची डिस्क झिजली म्हणून वागळे इस्टेटजवळच्या एका गॅरेजला गाडी दिली. दुपारी फोन आला, “साहेब, डिस्कचे बोल्ट गंजून जाम झालेत. इम्पोर्टेड केमिकल मारलं, ड्रिल लावून बघितलं. आता अलॉय व्हीलच बदलावं लागेल.” चाक, केमिकल, ड्रिलिंग, मजुरी असं सगळं मिळून ८,४०० रुपये. दुसऱ्या दिवशी कामावर जायला गाडी हवीच होती, पैसे दिले. जुनं चाक मागितलं तर पठ्ठ्या म्हणतो, “ते भंगारात जातं, तुम्ही काय करणार त्याचं?” बराच वाद घातल्यावर मिळालं.

ते घेऊन रबाळे एमआयडीसीत ओळखीच्या एका फिटरकाकांकडे गेलो. त्यांनी बोल्टच्या डोक्यावरच्या ॲलन-कीच्या (षटकोनी चावीच्या) खाचेत बोट फिरवलं आणि म्हणाले, “अहो, ड्रिल कुठे लागलंय इथे? खाच नुसती गोल केलीय. आणि गंज नाही, लॉकटाइट आहे हे.”

डिस्कचे बोल्ट बऱ्याच गाड्यांना कंपनीतूनच थ्रेडलॉकर लावून येतात, म्हणजे बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव; लॉकटाइट हा त्याचाच एक ब्रँड. हवा बंद झाली आणि धातू लागला की तो द्रव घट्ट होऊन आट्यांमधली फट भरून टाकतो. फटच उरली नाही तर गंज सोडवायचं तेल आत शिरणार कुठून? म्हणजे ते ‘इम्पोर्टेड केमिकल’ खरंच मारलं असतं तरी फुकटच. निळा थ्रेडलॉकर साध्या पान्याने जोर लावून सुटतो; जास्त ताकदीच्या लालला साधारण २५० अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि गरम असतानाच फिरवावं लागतं.

काकांनी हबमधलं सील आणि बेअरिंग आधी काढून ठेवलं (नाहीतर उष्णतेने सील वितळतं), ब्रेक क्लीनरचा डबा लांब ठेवला, दार उघडं ठेवलं, कारण तापलेल्या थ्रेडलॉकरचा धूर नाकात जाणं बरं नाही. मग जाड सोल्डरिंग आयर्न बोल्टच्या डोक्यावर धरून ठेवलं. गोल झालेल्या खाचेत एक टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराचं टोक) हातोडीने ठोकून बसवला, लांब दांडा लावला. ‘कट्’ असा आवाज आला आणि बोल्ट फिरला. बाहेर आला तेव्हा आट्यांवर लालसर भुकटी होती, गंजाचा मागमूस नव्हता. बाकीचेही तसेच निघाले. चाक एकदम ठणठणीत! गॅरेजवाल्याला ते ‘भंगारात’ का हवं होतं ते तेव्हा कळलं.

तेव्हा, कोणी बोल्ट जाम म्हटलं तर गरम केला होता का, एवढंच विचारा. कामाला हो म्हणण्याआधी जुना भाग परत मिळेल हे कबूल करून घ्या, आणि छापील बिल घ्या. मला कच्च्या पावतीवर ‘केमिकल चार्ज’ एवढंच लिहून दिलंय. ती पावती, बोल्ट आणि चाकाचे फोटो जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. गॅरेजवाला आता फोन उचलत नाही.