दुसऱ्या भागाचं शूटिंग: चाळकेवाडीचं पठार की सांगलीतलं गोडाऊन?

तुमच्या विज्ञानपटाचा पहिला भाग साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उरकला, लोकांना आवडला. आता दुसरा करायचाय आणि टीममध्ये दोन तट पडलेत. काही म्हणतात पुन्हा पठारच गाठू. बाकीच्यांचं म्हणणं, सांगलीत गोडाऊन भाड्यानं घेऊ, हिरवा पडदा लावू (तो नंतर कॉम्प्युटरवर कापून त्याजागी दुसरं चित्र बसवतात), कथेतला परका ग्रह कॉम्प्युटरवर उभा करू. माझा कौल आधीच सांगून टाकतो: बाहेरचं सगळं पठारावर, यानाच्या आतलं सगळं गोडाऊनमध्ये.

पहिल्या भागात तुम्ही दाखवाल तोच ग्रह असतो. दुसऱ्या भागापर्यंत प्रेक्षकानं तो बघितलेला असतो, त्यामुळे तो चुका काढायलाच बसतो. ठोसेघरच्या पुढचा तो उघडा जांभा आणि मावळतीच्या लांबलचक सावल्या कॉम्प्युटरवर पटतील अशा करायच्या तर एडिटरचे महिने जातात. पठारावर ते आयतं मिळतं. फक्त मोसम तोच हवा. पहिला भाग मे महिन्यातला असेल तर कातळ उघडा होता, गवत वाळलेलं होतं. ऑगस्टमध्ये गेलात तर हिरवंगार रान आणि दहा फुटांवरचा माणूस दिसणार नाही असं धुकं. मग ग्रहावर पावसाळा आला असं पटकथेत घुसडत बसा.

पठारावर घोडं अडतं ते वाऱ्यापाशी. पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या केलेल्या नाहीत. माइकला केसाळ टोपी घातली तरी संवाद डबिंगलाच जाणार, हे धरूनच चाला. लोकेशनचा आवाज ओठ जुळवण्यापुरता. यान थर्माकोलचं असेल तर ते खालच्या दरीत शोधावं लागेल, प्लायवूड आणि लोखंडी अँगलला पर्याय नाही. पवनचक्क्यांच्या आवारात शिरायला मालक कंपनीची परवानगी काढा. कासचं नाव कुणी काढलंच तर विषय तिथेच मिटवा. ते पठार 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, अंतराळवीरांचे बूट तिथल्या झाडोऱ्यावर नकोत.

हवा बिघडली तरी लगेच गाडी वळवू नका. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ची टीम 1979 साली नॉर्वेत फिन्सेला बर्फाच्या वादळात अडकली, तेव्हा कॅमेरा हॉटेलच्या दारात ठेवून नटाला बाहेर बर्फात पिटाळलं आणि शॉट घेतले.

आता गोडाऊन. सांगली नाट्यपंढरी, त्यामुळे नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे सेटच्या खोट्या भिंती, ठोकणारा, रंगवणारा माणूस शोधायला पुण्याला जावं लागत नाही. यानाची कॅबिन, बोगदा, दिव्यांची पाटी इथेच करा, ते पडद्यावर खरं दिसतं. हिरवा पडदा मात्र खिडकीबाहेरच्या आकाशापुरताच ठेवा. पडद्यावर उजेड सगळीकडे सारखा पडला पाहिजे, कापडाला एक सुरकुती नको, आणि नट पडद्यापासून आठ-दहा फूट पुढे हवा. नाहीतर हिरवी झाक केसांवर, खांद्यांवर उतरते आणि ती काढता काढता एडिटर रडकुंडीला येतो. स्वस्त एलईडी असतील तर शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवून आधी चाचणी घ्या, नाहीतर चित्र लपलपतं. जागा हळदीची असेल तर आदल्या दिवशी झाडून-पुसून घ्या. ती पिवळी धूळ कापडावर बसली की पडदा ठिकठिकाणी पिवळट दिसतो आणि तेवढाच भाग नीट कापला जात नाही. वर पत्रा, त्यामुळे पाऊस आला की आवाजानं काम बंद. दुपारी आत भट्टी.

खर्चाचं म्हणाल तर पठारावर पैसे गाडी, जेवण आणि मुक्कामात जातात, गोडाऊनमध्ये भाड्यात आणि नंतरच्या एडिटिंगमध्ये. एडिटिंगचा खर्च आधी कळतच नाही, म्हणून गोडाऊन स्वस्त वाटतं.

पण ठरवण्याआधी एक गोष्ट तपासा: पहिल्या भागातलं यान, हेल्मेट, कपडे कुणाच्या माळ्यावर आहेत? ‘2001: अ स्पेस ओडिसी’ झाल्यावर दिग्दर्शक स्टॅनली क्युब्रिकनं यानाची मॉडेलं आणि आराखडे नष्ट करवले होते. 1984 च्या पुढच्या भागासाठी नवा दिग्दर्शक पीटर हाइम्सच्या टीमला जुन्या फिल्ममधल्या चौकटी मोठ्या करून तेच यान नव्यानं बांधावं लागलं. तुमचं सामान भंगारात गेलं असेल तर तुम्हालाही हेच करायचंय, आणि त्या सुतारकामाचे दिवस गोडाऊनच्या भाड्यात धरा.

पठार आधी, गोडाऊन नंतर. पठारावर खिडकीबाहेरची दृश्यं माणसांशिवाय वेगळी टिपून घ्या. प्रत्येक वेळी सूर्य कोणत्या बाजूला, किती वर होता ते वहीत लिहा. गोडाऊनमध्ये मोठा दिवा त्याच बाजूला लावायचाय.