पाळीव, ईएसए की सर्व्हिस डॉग? अमेरिकेत भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी

ऑगस्ट आला की अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: अपार्टमेंटमध्ये प्राणी चालत नाहीत म्हणतात, मग ‘इमोशनल सपोर्ट ॲनिमल’चं, म्हणजे मानसिक आधार देणाऱ्या प्राण्याचं, थोडक्यात ईएसएचं, पत्र काढलं की काम होतं ना? विचारणाऱ्यांपैकी काहींना फक्त डिपॉझिट वाचवायचं असतं. पण काही जण खरोखर उपचार घेत असतात. त्यांना रात्र रात्र झोप लागत नाही, परक्या गावात छाती धडधडते आणि मांजर मांडीवर येऊन बसलं की जीव थाऱ्यावर येतो. मी हे त्यांच्यासाठी लिहिते आहे, कारण अर्धवट माहितीचा सगळ्यात मोठा फटका त्यांनाच बसतो.

पर्याय तीन आहेत: साधा पाळीव प्राणी, ईएसए आणि मानसिक आजारासाठी शिकवलेला सर्व्हिस डॉग. निवड करताना आधी स्वतःला एकच गोष्ट विचारा. प्राण्याची गरज घरात आहे, की घराबाहेरही? ईएसएला कायद्याचं खरं संरक्षण मिळतं ते राहत्या घरापुरतं. दुकान, वर्ग, विमान यांसाठी ते पत्र जवळपास निरुपयोगी आहे.

घर

इथे लागू होतो तो फेअर हाउसिंग ॲक्ट, म्हणजे घर देताना भेदभाव करायला मनाई करणारा कायदा. हा कायदा 1968 चा आहे आणि 1988 च्या दुरुस्तीने त्यात अपंगत्वाचा समावेश झाला. ईएसए आणि सर्व्हिस डॉग दोघांनाही तो लागू होतो. एरवी प्राण्यांना बंदी असलेल्या इमारतीतही घरमालकाला परवानगी द्यावी लागते. पाळीव प्राण्यासाठीचं दरमहा भाडं किंवा वेगळं डिपॉझिट घेता येत नाही आणि प्राण्याच्या जातीची किंवा वजनाची सरसकट अटही लावता येत नाही. प्राण्याने दार कुरतडलं, गालिचा खराब केला तर मात्र भरपाई तुमच्याच खिशातून जाते. तो विशिष्ट प्राणी अंगावर धावून जात असेल तर परवानगी नाकारताही येते. शिवाय मालक स्वतः राहत असलेल्या चार किंवा त्याहून कमी घरांच्या इमारतीला केंद्रीय कायद्यातून बरीच सूट आहे. आपल्यापैकी अनेक जण अशाच कुणाच्या तरी घराच्या वरच्या मजल्यावर राहतात, त्यांनी हे आधी तपासावं.

लोक नेहमी विसरतात तो मुद्दा पुढचा आहे. ईएसएसाठीही कायद्याच्या अर्थाने अपंगत्व असावं लागतं. एकटं वाटणं, घरची आठवण येणं खरं असतं, त्रासदायकही असतं, पण कायद्याला तेवढं पुरत नाही. नैराश्य, चिंताविकार, आघातानंतरचा मानसिक त्रास यांमुळे झोप, एकाग्रता, काम, माणसांत वावरणं अशा रोजच्या गोष्टींत मोठा अडथळा येत असेल, तर तुम्ही त्या व्याख्येत बसू शकता. हे ठरवणार तुमचे डॉक्टर किंवा थेरपिस्ट. पत्रात दोन गोष्टी स्पष्ट लागतात: असा अडथळा आहे, आणि या प्राण्यामुळे त्यात फरक पडतो. आजाराचं नाव सांगण्याची सक्ती नाही आणि घरमालक तुमची वैद्यकीय फाइल मागू शकत नाही.

इंटरनेटवर चार प्रश्नांची उत्तरं आणि कार्डाचा नंबर दिला की ओळखपत्र, जॅकेट आणि ‘राष्ट्रीय नोंदणी’चं प्रमाणपत्र घरी येतं. अशी कुठलीही सरकारी नोंदणी अस्तित्वात नाही, ना ईएसएसाठी, ना सर्व्हिस डॉगसाठी. हे पैसे वाया जातात आणि वर घरमालकाचा विश्वासही जातो. तुम्हाला ओळखणाऱ्या, तुमच्या राज्याचा परवाना असलेल्या थेरपिस्टने व्हिडिओवर उपचार करून दिलेलं पत्र वेगळं, ते चालू शकतं. कॅलिफोर्नियात 2022 पासून कुत्र्यासाठी असं पत्र देण्याआधी रुग्णाशी किमान 30 दिवसांचा उपचारसंबंध असावा लागतो. फ्लोरिडात खोटी कागदपत्रं देणं गुन्हा आहे. केंद्रीय गृहनिर्माण खात्याने, म्हणजे हडने, जानेवारी 2020 मध्ये याबाबत सविस्तर सूचना काढल्या होत्या आणि त्यांवर आधारलेले लेख अजून फिरत असतात. अशा सूचना प्रशासनागणिक बदलतात, मागेही घेतल्या जातात. त्यामुळे जुन्या लेखातलं वाक्य घरमालकाच्या तोंडावर फेकण्याआधी आपल्या राज्याचा आजचा नियम वाचा.

विद्यापीठाच्या वसतिगृहांनाही हा कायदा लागू होतो. नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी कॅम्पसवरच्या खटल्यात 2013 मध्ये न्यायालयाने तसा निर्णय दिला. मात्र परवानगी असते ती खोलीपुरती, वर्ग, ग्रंथालय किंवा भोजनगृहासाठी नाही. आणि एक अडचण आधीच लक्षात घ्या: अनेक विद्यापीठांची समुपदेशन केंद्रं अशी पत्रं देतच नाहीत. तेव्हा बाहेरचा थेरपिस्ट शोधायला आणि विमा काय भरतो ते बघायला वेळ हाताशी ठेवा.

एका घरात चौघं राहत असाल तर आणखी एक बाजू आहे. कायदा घरमालकाला बांधतो, रूममेटला नाही. एखाद्याला मांजराच्या केसांनी दमा उसळत असेल तर पत्र दाखवून तो प्रश्न सुटणार नाही. त्याच्याशी आधी बोला.

घराबाहेर

दुकान, हॉटेल, दवाखाना, कॉलेज इथे एडीए, म्हणजे ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ हा अपंगांच्या हक्कांचा 1990 चा कायदा चालतो. 2011 मध्ये अमलात आलेल्या त्याच्या सुधारित नियमांनुसार सर्व्हिस ॲनिमल म्हणजे अपंगत्वाशी निगडित ठरावीक काम शिकवलेला कुत्रा. छोट्या जातीच्या घोड्यासाठी वेगळी तरतूद आहे, बाकी प्राणी नाहीत. नुसतं जवळ असल्याने बरं वाटणं हे काम धरलं जात नाही. पॅनिक ॲटॅक येताना अंगावर भार देऊन शांत करणं, दुःस्वप्नातून जागं करणं, औषधाच्या वेळी आठवण करून देणं, गर्दीतून दाराकडे नेणं ही कामं झाली.

कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतात: हा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? कागद मागता येत नाहीत, प्रात्यक्षिकही नाही. पण कुत्रा आवरत नसेल किंवा आत घाण करत असेल तर त्याला बाहेर न्यायला सांगता येतं. या सवलतीचा गैरफायदा घेऊन कुणी घरच्या कुत्र्याला जॅकेट चढवून मॉलमध्ये नेलं, की त्याचा त्रास दृष्टिहीन माणसाच्या खऱ्या कुत्र्याला होतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, आणि कॅलिफोर्नियात त्यासाठी तुरुंग किंवा 1,000 डॉलरपर्यंत दंडही होऊ शकतो.

सर्व्हिस डॉगची किंमत मोठी आहे. संस्थेकडून तयार कुत्रा घ्यायचा तर खर्च हजारो डॉलरमध्ये जातो आणि वाट पाहावी लागते. स्वतः शिकवलेला कुत्राही कायद्याला चालतो, पण वर्ष-दोन वर्षं रोज मेहनत घ्यावी लागते. सेमिस्टर आणि अर्धवेळ काम सांभाळून हे जमेल का, याचा प्रामाणिक हिशोब करा.

नोकरीच्या ठिकाणी नियम जरा सैल आहेत. तिथे ईएसएची विनंतीही करता येते आणि निर्णय प्रकरणागणिक होतो.

विमान

एके काळी ईएसए विमानात फुकट नेता येत असे. जानेवारी 2018 मध्ये नेवार्क विमानतळावर एका प्रवासी बाईंनी ईएसए म्हणून आणलेला मोर विमानात घ्यायला नकार मिळाला आणि त्याची जगभर बातमी झाली. 11 जानेवारी 2021 पासून परिवहन खात्याच्या नव्या नियमांनी ईएसएला सर्व्हिस ॲनिमल मानण्याची सक्ती संपली. आता छोटं मांजर किंवा कुत्रा पाळीव म्हणून, शुल्क भरून, त्या कंपनीच्या नियमात बसला तरच नेता येतो. सर्व्हिस डॉग, मग तो मानसिक आजारासाठी शिकवलेला असला तरी, केबिनमध्ये येतो. त्यासाठी आरोग्य, वर्तन आणि प्रशिक्षणाबद्दलचा सरकारी फॉर्म लागू शकतो. प्रवास 8 तास किंवा अधिक असेल तर कुत्रा शौच रोखून धरेल किंवा स्वच्छतेला बाधा न आणता करेल, याबद्दलचा आणखी एक फॉर्म. मुंबईच्या थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात, हे लक्षात घ्या.

मग काय निवडावं?

त्रास मुख्यतः रात्रीचा, घरातला असेल आणि उपचार चालू असतील, तर ईएसए पुरेसा आहे. विद्यार्थ्याला मी कुत्र्यापेक्षा मांजर सुचवेन, कारण दिवसभर वर्गात असलात तरी त्याचं फारसं अडत नाही. ॲटॅक बसमध्ये, वर्गात, दुकानात येत असतील तर सर्व्हिस डॉगचा विचार थेरपिस्टबरोबर करा. यातलं काहीच नसेल तर प्राणी चालणारं अपार्टमेंट शोधा आणि शुल्क भरा. तो सरळ आणि सन्मानाचा मार्ग आहे. क्रम मात्र एकच ठेवा: आधी थेरपिस्ट, मग पत्र, मग घरमालकाला लेखी विनंती आणि शेवटी प्राणी.

कुत्रा दहा-बारा वर्षं किंवा त्याहूनही जास्त जगतो. तुमचा व्हिसा त्याआधी संपू शकतो. भारतात कायमचं परतताना प्राणी सामानाबरोबर नेता येतो, पण परदेशात सलग दोन वर्षं राहून मुक्काम हलवणाऱ्यालाच, आणि ॲनिमल क्वारंटाइन विभागाची ना-हरकत घेऊन. उलट दिशेने, घरचा कुत्रा अमेरिकेत आणायचा तर 1 ऑगस्ट 2024 पासून सीडीसीचे, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचे, कडक नियम आहेत. रेबीजसाठी भारत जास्त जोखमीच्या देशांत मोडतो. भारतात लस दिलेला कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, मायक्रोचिप हवी, लशीचं प्रमाणपत्र हवं आणि ठरलेल्या विमानतळावरच्या नोंदणीकृत केंद्रात जागा राखून ठेवावी लागते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रक्ततपासणी अहवाल नसेल तर 28 दिवस विलगीकरण. सर्व्हिस डॉगही यातून सुटत नाही. मांजरासाठी सीडीसी लशीचा पुरावा मागत नाही, राज्यं मात्र मागू शकतात.

पुण्या-मुंबईला परतल्यावर ईएसएच्या पत्राला कायदेशीर वजन नाही, कारण भारतात तशी तरतूदच नाही. आणि सोसायटीत राहायला त्याची गरजही पडत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या परिपत्रकानुसार सोसायटी बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही आणि लिफ्ट वापरायलाही मनाई करू शकत नाही. कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना तेवढा काढून ठेवा.