घरच्या नेटवर्कवरचा लेझर प्रिंटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

यंत्र साधंच आहे. काळी-पांढरी छपाई करणारा लेझर, कागदाच्या दोन्ही बाजू आपोआप छापणारा, वर सपाट काचेचा स्कॅनर, मागे यूएसबी आणि लॅन केबलची जागा, शिवाय वाय-फाय. त्यावर दोन विंडोज लॅपटॉप, एक लिनक्सचा संगणक आणि चार फोन छापतात. छपाईच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. डोकं खाल्लं ते 'प्रिंटर ऑफलाइन' या एका सूचनेने, आणि बहुतेक वेळा दोष यंत्राचा नव्हता, जोडणीचा होता.

आधी लेझरच का, ते. घरात छपाई सलग होत नाही. एका दिवशी चाळीस पानं, मग तीन आठवडे काहीच नाही. इंकजेटची शाई अशा खंडात नोझलमध्ये सुकते. मग हेड क्लीनिंग चालवा, म्हणजे शाई कागदाऐवजी आतल्या वेस्ट पॅडमध्ये जाणार. टोनर ही मुळात कोरडी पूड, तिला सुकायचा प्रश्नच नाही. रंगीत फोटो नियमित काढायचे असतील तर मात्र इंक टँकच घ्या आणि आठवड्याला एक रंगीत पान काढत राहा. लेझरची एक खोड लक्षात ठेवावी: फ्युझर (टोनर वितळवून कागदावर बसवणारा गरम भाग) तापताना क्षणभर शेकडो वॅट ओढतो, त्यामुळे प्रिंटर संगणकाच्या यूपीएसवर लावू नये. इंकजेटसाठीच्या पारदर्शक शीट त्यात घालू नयेत, त्या फ्युझरवर वितळून चिकटतात.

टोनरच्या खोक्यावरचा पानांचा आकडा आयएसओ १९७५२ या मानकाप्रमाणे सलग छपाईत मोजलेला असतो, आणि त्यातलं चाचणीचं पान जवळपास ५ टक्केच काळं असतं. तक्ते, गडद शीर्षकं छापलीत की तो आकडा विसरा. प्रिंटरसोबत येणारा टोनर बऱ्याचदा 'स्टार्टर' असतो, म्हणजे अर्धवट भरलेला. ड्रम (ज्या रुळावरून टोनर कागदावर उतरतो तो) वेगळा आहे की टोनरमध्येच, हेही घेण्याआधी बघा. वेगळा असेल तर त्याचा खर्च उशिरा येतो, पण येतो. पानावर ठरावीक अंतराने तोच ठिपका पुन्हा पुन्हा उमटू लागला, तर टोनर बदलण्याआधी ड्रम तपासा.

आता मुख्य भाग. यूएसबीने एका संगणकाला जोडून तिथून शेअर करायचा, हा जुना मार्ग. त्यात तो संगणक जागा असावाच लागतो. शिवाय जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या सेवेतली, 'प्रिंटनाइटमेअर' ही सुरक्षेची त्रुटी उघड झाली. त्यानंतरच्या अपडेटांमुळे शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) घालायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. राउटरच्या यूएसबीला जोडलं तर छपाई होते, पण स्कॅनर बहुधा चालत नाही आणि 'कागद संपला' हे संगणकाला कळत नाही. म्हणून ज्याला स्वतःचं नेटवर्क आहे असाच प्रिंटर घ्या, आणि माहितीपत्रकात एअरप्रिंट, मोप्रिया किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर या नेटवर्क छपाईच्या मानकांपैकी निदान एक नाव शोधा. ते असेल तर फोन आणि लिनक्सला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फक्त कंपनीच्या क्लाउडवरून छापणाऱ्या सोयीवर विसंबू नका. गूगल क्लाउड प्रिंट ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, आणि ज्या मॉडेलांची फोनवरून छपाई त्यावरच होती त्यांची सोय त्या दिवशी संपली.

लॅन केबल शक्य असेल तर लावाच. वाय-फायवर असताना प्रिंटर गाढ झोपेत जायचा आणि नेटवर्कवरून गायब व्हायचा; केबल लावल्यापासून ते थांबलं. वाय-फायच हवं असेल तर तीन गोष्टी पाहा. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या वाय-फाय सुरक्षा पद्धतीवर ठेवला असेल तर जुनी मॉडेलं जोडलीच जात नाहीत. आणि गेस्ट नेटवर्कवर किंवा आयसोलेशन (वाय-फायवरची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणारी सोय) चालू असताना फोनला प्रिंटर दिसणार नाही, कारण तो शोधण्यासाठीचे एमडीएनएस संदेश पलीकडे पोहोचतच नाहीत.

मग पत्ता कायम करा. प्रिंटरवरून नेटवर्कचं पान छापून जोडणीचा ओळखक्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस घ्या आणि राउटरच्या डीएचसीपीत (आयपी पत्ते वाटणाऱ्या भागात) त्याला एक आयपी राखून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. केबलचा आणि वाय-फायचा मॅक वेगळा असतो. चुकीचा उचललात तर आरक्षण केलं काय आणि न केलं काय.

विंडोज आपणहून प्रिंटर शोधतं तेव्हा अनेकदा डब्ल्यूएसडी पोर्ट (ठरलेल्या पत्त्याऐवजी प्रिंटर आपोआप शोधणारी जोडणी) बनवतं. सगळी ऑफलाइनची कटकट तिथून सुरू होते. प्रिंटर प्रॉपर्टीज उघडा, पोर्ट्स टॅबवर जा, अ‍ॅड पोर्ट दाबा, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट निवडा आणि राखलेला पत्ता टाका. प्रकार रॉ, क्रमांक ९१००. त्यानंतर कॉन्फिगर पोर्टमध्ये जाऊन एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरला त्याची स्थिती विचारणाऱ्या सोयीची) खूण काढा. ती असली आणि प्रिंटरने त्या चौकशीला उत्तर दिलं नाही, की विंडोज धडधडीत चालू असलेल्या प्रिंटरलाही ऑफलाइन म्हणतं. या दोन बदलांनंतर दोन्ही लॅपटॉप गप्प आहेत.

सगळ्यात फसवी अडचण निघाली कागदाच्या मापाची. फोनवरून प्रिंट दिलं, नारिंगी दिवा लुकलुकतोय, ट्रे भरलेला, कागद कुठेही अडकलेला नाही. फाइलचं माप लेटर (अमेरिकी कागदाचं माप) होतं आणि ट्रेमध्ये ए४. प्रिंटर बिचारा लेटर कागदाची वाट बघत थांबलेला! गो बटण दाबलं की ए४ वर छापतो. कायमचा उपाय म्हणजे प्रिंटरच्या वेबपानावर (ब्राउझरमध्ये त्याचा आयपी टाकला की उघडतं ते) मूळ माप ए४ करणं आणि मापातला फरक दुर्लक्षित करण्याची सोय असेल तर ती चालू करणं. त्याच वेबपानाला अ‍ॅडमिन पासवर्डही घाला.

रांगेत अडकलेलं काम खोडलं जात नसेल तर सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात जाऊन प्रिंटर्स हे आतलं फोल्डर रिकामं करा, स्पूलर पुन्हा चालू करा. प्रिंटर बंद-चालू करून यातलं काही सुटत नाही.

स्कॅन थेट फोल्डरमध्ये पाठवायचा असेल तर मॉडेल एसएमबी या फाइल शेअरिंगच्या पद्धतीची दुसरी किंवा पुढची आवृत्ती बोलतं का ते विचारून घ्या. पहिली आवृत्ती नव्या विंडोजवर मुळात बसवलेलीच नसते, म्हणून जुन्या यंत्रांचा स्कॅन तिथे अडतो. इथे ते बरोबर चाललं.

एक गोष्ट अजून तशीच आहे. गाढ झोपेतून उठून पहिलं पान यायला वेळ लागतो, तेवढ्यात फोनवर कुणीतरी पुन्हा प्रिंट दाबतं, आणि ट्रेमध्ये दोन प्रती पडतात.