आठ महिने, एकच रेड वाइन आणि मोबाइलमधले फोटो

गेले आठ महिने त्याच रेस्टॉरंटमध्ये मी अख्खी बाटली न घेता ग्लासभर एकच वाइन मागवतोय, कोत द्यु रोन. दक्षिण फ्रान्समधल्या रोन नदीच्या खोऱ्यातली, मुख्यतः ग्रनाश द्राक्षांची, जोडीला बहुतेकदा सिरा. कारण फार थोर नाही, यादीतली त्यातल्या त्यात परवडणारी रेड हीच होती. जेवताना प्यायची साधी वाइन, वीस वर्षं जपून ठेवायची नव्हे.

फोटोंचा नाद नंतर लागला. सुरुवातीचे फोटो भयंकर आहेत. पिवळ्या दिव्याखाली ग्लासात डांबर ओतल्यासारखं दिसतं, आणि फ्लॅश मारला की काचेवर पांढरा डाग. मग एकदा ग्लास पांढऱ्या नॅपकिनवर तिरपा धरला, कडेच्या पातळ थरावर फोकस केला, एक्स्पोजर जरा खाली ओढलं. मध्ये गडद, कडेला माणकासारखा लाल! तीन महिने पीत होतो, पण पाहिली त्या दिवशी.

काचेवरून ओघळणाऱ्या रेषांचेही डझनभर फोटो काढले. त्यांच्यावरून वाइनचा दर्जा ठरवणारे भेटतात, त्यांना हसून सोडून द्यावं. अल्कोहोल उडून जातं, पृष्ठताण बदलतो, म्हणून त्या रेषा उतरतात.

खरा उपयोग वेगळाच झाला. दोन संध्याकाळी वाइन मरगळलेली लागली होती. ते फोटो इतरांशेजारी ठेवले तर कड किंचित विटकरी. वेटरला विचारलं, तर बाटली आठवडाभर उघडीच होती. हवा लागून गेलेली. आता आधी विचारतो, 'आज उघडलीय का?'

दुसरी तक्रार तापमानाची. गरम खोलीत ठेवलेली रेड आली की नाकात आधी अल्कोहोलच शिरतं. मी दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगतो, साधारण १६ अंशांपर्यंत. वेटर अजून चमत्कारिक नजरेनं बघतो, बघू दे. फार गार मात्र नको, तुरटपणा टोचायला लागतो.

आणि ग्लास काठोकाठ भरू नका हो! पाचव्या महिन्यात तिरपा करताना अर्धी वाइन नॅपकिनवर सांडली. त्या डागाचाही फोटो काढला. रंग सगळ्यात खरा त्यातच आलाय.