डायलिसिसचं ‘पॅकेज’ घेण्याआधी हे वाचा

मामांना मानेत कॅथेटर टाकून तातडीने डायलिसिस सुरू केलं, त्याच आठवड्यात हडपसरकडच्या एका खासगी सेंटरचा माणूस आम्हाला वॉर्डात गाठून गेला. कागदावर दोन आकडे लिहून दिले त्याने. घरी पोटातून करायचं सीएपीडी, महिना २८,००० रुपये. त्यांच्याकडे मशीनवर, एका वेळचे १,२००. आठवड्यातून तीनदा धरलं तरी १६,००० च्या आत. तीन महिन्यांचे आगाऊ भरा, सकाळची शिफ्ट पक्की. आम्ही भरले.

ही तुलनाच खोटी होती. सीएपीडीच्या आकड्यात रोज तीन-चार वेळा बदलायच्या, पोटात सोडायच्या द्रवाच्या बॅगांसकट सगळं धरलेलं. मशीनच्या आकड्यात नुसते चार तास. डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर), ट्यूबिंग, हिमोग्लोबिनसाठी एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन, आयर्न, तपासण्या, सगळं वरून. पहिल्याच महिन्यात २७,००० च्या वर गेले, रिक्षाभाडं वेगळं. डायलायझर धुऊन त्याच पेशंटला पुन्हा वापरतात, त्यात गैर नाही. पण बिलात दर वेळी नवा, आणि मामींनी लेबल पाहिलं तर तारीख जुनी!

सगळ्यात संतापजनक पुढे कळलं. ‘नोंदणीसाठी’ म्हणून त्यांनी रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स घेतल्या होत्या, कोऱ्या फॉर्मवर मामांची सहीसुद्धा. आम्ही दुसऱ्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करायला गेलो, तर आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारे योजनेचे मदतनीस, म्हणाले, “यांचं डायलिसिस योजनेतून चालूच आहे की.” म्हणजे एकाच डायलिसिसचे पैसे सरकारकडूनही आणि आमच्याकडूनही. या योजनेत पेशंटकडून रुपयाही घ्यायचा नसतो. आजारी माणसाच्या सहीचा असा वापर करणाऱ्यांना काय म्हणावं?

तेव्हा कृपा करून, पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटा, किंवा १५५३८८ वर फोन करा. आपल्या नावावर आधीच काही चालू आहे का, तेही विचारा. पुण्यात धर्मादाय रुग्णालयं बरीच आहेत. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाचा दाखला लागतो. खासगीतच जायचं असेल तर महिन्याचा संपूर्ण खर्च, इंजेक्शनसकट, लेटरहेडवर मागा. सीएपीडीचाही तसाच मागा, मगच दोन्ही शेजारी ठेवा. सेंटर बदलायचं तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट हाताशी हवेत, नाहीतर शिफ्ट मिळायला अडतं.

मामा आता योजनेतून मोफत डायलिसिस घेतात. आम्ही लेखी तक्रार दिली आहे, कच्च्या पावत्या जोडून. आगाऊ रकमेतला उरलेला पैसा अजून परत आलेला नाही.