१८० चं ॲडाप्टर, १६० चा रोटर आणि माझे १४,२५० रुपये

पाच आठवडे मी अर्ध्या ब्रेकवर सायकल चालवत होतो. नऊ वर्षं सायकल चालवणाऱ्या माणसाला हे लिहायला लाज वाटते, पण ज्या दुकानाने ते ब्रेक बसवले तिथे अजून रोज गिऱ्हाईक जातंय, म्हणून लिहितोय.

माझ्या हायब्रिड सायकलला वायरचे डिस्क ब्रेक होते, ते काढून हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, बसवायचे होते. दुकानदाराने हिशेब दिला. सेट ९,८००, १६० मिमीचे दोन रोटर (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) १,७००, मागच्या चाकासाठी ‘स्पेशल इंपोर्टेड’ ॲडाप्टर १,८५०, फिटिंग आणि ब्लीडिंग (तेल भरून नळीतली हवा काढणं) ९००. एकूण १४,२५०, सगळे आधी, यूपीआयने. वर चहा आणि ‘दादा, तुमच्यासाठी म्हणून’. हा प्रकार कसा पुढे जातो ते तुम्हाला सांगायला नको. बिलावर फक्त ‘सायकल पार्ट्स व फिटिंग’ लिहिलं होतं. पार्टचं नाव, माप, मॉडेल नंबर नसलेलं बिल घेऊच नका, नंतर त्याची किंमत रद्दीएवढी होते.

पुढचा ब्रेक पाच मिनिटांत बसला. फोर्कला (पुढच्या चिमट्याला) पोस्ट माउंट आहे, म्हणजे आटे असलेली दोन भोकं, ७४ मिमी अंतरावर. कॅलिपर, म्हणजे रोटरला दोन्ही बाजूंनी पॅडने दाबणारा भाग, थेट त्यावर बसतो. मागे फ्रेमला जुनं आयएस माउंट आहे. दोन कान, त्यांत बिनआट्याची भोकं, अंतर ५१ मिमी, बोल्ट बाजूने जातात. तिथे पोस्ट माउंटचा कॅलिपर बसवायचा तर मधे ॲडाप्टर लागतंच, त्यात गैर काही नाही. ते मात्र रोटरच्या मापाचं लागतं.

मागचं बसेना. आणि इथे मला कळायला हवं होतं. पोऱ्याने गोल कानस घेतली आणि फ्रेमच्या कानांतली भोकं घासायला लागला. माझ्या डोळ्यांदेखत. चेनस्टेवर (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर) ॲल्युमिनियमचा चकचकीत चुरा पडत होता. मी विचारलं, “अरे, फ्रेम का घासतोयस?” मालक गल्ल्यावरून म्हणाला, “दादा, कंपनीने भोकं चुकीची पाडलीत, आम्ही रोज करतो.” मी गप्प बसलो. तो चुरा मी स्वतः बोटाने पुसला आणि गप्प बसलो! ब्रेक बसवताना फ्रेमला कानस लागतच नाही. कुणी कानस हातात घेतली की सायकल उचला आणि चालू पडा.

मी मेकॅनिक नाही. पैसे दिले ते ज्याला कळतं त्याने करावं म्हणूनच दिले. पुढचा ब्रेक झकास चालत होता, त्यामुळे मागचा नवीन पॅडमुळे कमी लागतोय, बसेल हळूहळू, असं वाटलं.

मग सिंहगड उतरताना एका वळणाआधी मागचा लिव्हर दाबला, आणि खट्ट आवाज होऊन कॅलिपर जागेवरून सरकला. घासून लांबट केलेल्या भोकांत बोल्ट घसरला होता. पुढच्या ब्रेकवर आणि पाय घासत कसाबसा डोंगराच्या बाजूला थांबलो. मागून गाडी येत नव्हती म्हणून आज हे लिहितोय.

दुसऱ्या मेकॅनिकने पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवले. हबकडची (चाकाच्या मध्याकडची) अर्धी बाजू झिजलेली, बाहेरची अर्धी कोरी करकरीत, मधे नखाला लागेल अशी पायरी. ॲडाप्टर १८० च्या रोटरचं होतं. व्यासात २० मिमीचा फरक, म्हणजे कॅलिपर १० मिमी बाहेर. भोकं घासून दोन-तीन मिमी आत आणला, बाकी तसंच सोडलं. ॲडाप्टरवर ‘आर १८०’ चक्क कोरलेलं आहे. मला वाचता येत होतं, त्यालाही येत होतं. बरोबर माप मला दुसरीकडे ४५० रुपयांत मिळालं. पण ते लावू कुठे? कान गेले. तिथे वेल्डिंग केलं तर उष्णतेने आजूबाजूचं ॲल्युमिनियम मऊ पडतं. नवी फ्रेम ११,५००.

दुकानदार म्हणाला, तुम्हीच कुठे तरी आपटली असेल. चौकीत गेलो तर, “साहेब, सायकलच्या ब्रेकसाठी? हे दिवाणी आहे.” अर्ज घ्या, पोच द्या, एवढंच मागत होतो. “मोठे साहेब आले की या.” तीन वेळा गेलो, मोठे साहेब तिन्ही वेळा बंदोबस्ताला. ऑनलाइन तक्रार केली, तिथे सायकलसाठी रकानाच नाही, ‘इतर’मध्ये टाकली. अठराव्या दिवशी मेसेज आला की विक्रेत्याने समस्या सोडवल्याचे कळवल्यामुळे तक्रार बंद. मला एक फोन नाही! ज्याने फसवलं त्यालाच विचारून फाइल बंद करायची असेल तर माझ्याकडून फोटो कशाला मागवले? फ्रेमच्या कंपनीने तर दोन ओळींत वॉरंटी झटकली, म्हणे फ्रेममध्ये फेरफार केलाय. फेरफार मी केला का?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षं. हे चौकीत पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. जुना पार्ट दुकानात टाकून येऊ नका, माझ्याकडे ते पॅड आणि ॲडाप्टर आहेत म्हणून केस उभी राहिली. आणि ब्लीड करताना बाटली बघा. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक ऑइल) गेलं की सील फुगून खलास.

नोटीस गेल्यावर परवा दुकानदाराचा फोन आला. “दादा, ॲडाप्टरचे १,८५० देतो, मिटवून टाका.” मी नाही म्हणालो. फ्रेमचे ११,५०० आणि बिलाचे १४,२५०, मिळून २५,७५०. त्यात एक रुपया कमी घेणार नाही.